परतीच्या वाटेवरचं कुलूप

कारशेडमध्ये लोकलच्या टपावर चढणाऱ्या माणसाचं डोकं आणि वरची तार यांच्यात किती अंतर असतं, हे एकदा मोजून पाहावं. भारतीय रेल्वेच्या मापांप्रमाणे शेडमध्ये संपर्क तार रुळापासून किमान ५.८० मीटर उंचीवर असते. लोकलचं टप साधारण चार मीटरवर येतं. मध्यम उंचीचा माणूस टपावर ताठ उभा राहिला, तर त्याचं डोकं आणि तार यांच्यात जेमतेम वीतभर जागा उरते. हातात पाना असेल आणि हात वर गेला, तर तीही उरत नाही. त्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. एवढ्या दाबाच्या विजेला स्पर्शाची वाट पाहावी लागत नाही, ती हवेतूनच झेप घेते. म्हणून चालू ओएचईपासून, म्हणजे वरच्या तारांच्या यंत्रणेपासून, दोन मीटरच्या आत काम करायचं असेल तर वीज बंद करून, तार अर्थ करून आणि लेखी परमिट हातात घेऊनच करायचं, असा रेल्वेचा नियम आहे.

मुंबईच्या शेडमध्ये या नियमाला आणखी एक बाजू आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे कित्येक दशकं कुर्ला, कळवा, मुंबई सेंट्रल, कांदिवली इथल्या कारशेडमधले हात त्याच विजेवर घडले. पश्चिम रेल्वेचं २५ केव्हीवर येणं २०१२ मध्ये पूर्ण झालं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं २०१५ मध्ये आणि हार्बरचं २०१६ मध्ये. १५०० व्होल्टही माणूस मारतो, पण तारेजवळ किती जाता येतं याचा जुन्या माणसांचा अंदाज त्या विजेवर बसलेला होता. असा अंदाज उस्तादाकडून शागिर्दाकडे बोलता बोलता जातो आणि वीज बदलली तरी लगेच बदलत नाही. म्हणूनच अशा जागी कुणाच्या अंदाजावर आणि आठवणीवर काम सोपवू नये, ते कुलपांवर सोपवावं.

हा लेख शेडच्या पर्यवेक्षकांसाठी, डेपो इंजिनिअरांसाठी, नव्याने लागलेल्या आयटीआयच्या मुलांसाठी आणि ठेक्यावर टपावरची कामं करणाऱ्यांसाठी आहे. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगतो. बहुतेक ठिकाणी वीज बंद करण्याच्या पायऱ्या नीट बांधलेल्या असतात. वीज परत चालू करण्याची वाट मात्र सैल राहते. इंटरलॉकची खरी परीक्षा या परतीच्या वाटेवर होते.

रेल्वेच्या माणसाला इंटरलॉकिंग म्हटलं की आधी सिग्नल केबिन आठवते. १८५६ साली इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी सांधे आणि सिग्नल यांचे लिव्हर एकमेकांत अडकवण्याचं पेटंट घेतलं. सांधा चुकीच्या बाजूला असेल तर सिग्नलचा लिव्हर ओढलाच जाऊ नये, एवढीच त्यामागची कल्पना. केबिनमधला माणूस थकलेला असो, घाईत असो, नवखा असो, चुकीचा क्रम त्याच्या हातून घडू शकत नाही. शेडमधलं इंटरलॉकिंग याच कल्पनेवर उभं असतं. फरक एवढाच की तिथे गाड्यांची टक्कर टाळायची असते, इथे माणूस आणि वीज यांची.

आता एका चावीच्या मागोमाग चालू या, कारण हा सगळा विषय त्या चावीच्या प्रवासात आहे.

समजा, तीन नंबरच्या पिट लाइनवर रेक लागला आहे आणि पेंटोची, म्हणजे तारेतून वीज घेणाऱ्या पेंटोग्राफची, कार्बन पट्टी बदलायची आहे. पहिलं काम आयसोलेटर उघडण्याचं नाही. शेडचे आयसोलेटर भारावर उघडण्यासाठी बनवलेले नसतात. गाडी वीज ओढत असताना पातं उघडलं तर ठिणगीचा मोठा आर्क पेटतो, आयसोलेटर जळतो आणि हँडलपाशी उभा असलेला माणूसही धोक्यात येतो. म्हणून आधी गाडीतला ब्रेकर उघडायचा, मग त्या लाइनवरच्या प्रत्येक रेकचा प्रत्येक पेंटो खाली घ्यायचा आणि तो खाली आल्याचं डोळ्यांनी पाहायचं. त्यानंतर आयसोलेटर.

आयसोलेटरच्या हँडलला एक कुलूप असतं. लाइन चार्ज असते तेव्हा त्यातली चावी अडकलेली असते, कितीही ओढली तरी निघत नाही. हँडल पूर्ण खाली आणलं की वरचं पातं तारेच्या बाजूपासून सुटतं आणि खालच्या अर्थिंगच्या जबड्यात जाऊन बसतं. पातं तिथे पूर्ण बसल्यावरच चावी फिरते आणि बाहेर येते. चावी निघाली की हँडलला कुलूप लागलेलं असतं आणि आता ते वर जाऊ शकत नाही. लाइन मेली आहे, अर्थ झाली आहे आणि तशीच राहील, या तिन्ही गोष्टींचा पुरावा म्हणजे ती चावी.

ही चावी घेऊन पर्यवेक्षक टपाच्या प्लॅटफॉर्मच्या पायथ्याशी असलेल्या पेटीकडे येतो. या पेटीत एक चावी आत घालून फिरवली की ती आत अडकते आणि तिच्या बदल्यात दुसऱ्या अनेक चाव्या सुटतात, प्रत्येक शिडीची आणि प्रत्येक दरवाजाची एकेक. दरवाजाची चावी दरवाजात घातली की दरवाजा उघडतो, पण ती चावी आता दरवाजातच अडकते. त्याच कुलपातून वर जाणाऱ्या प्रत्येकासाठी एकेक छोटी चावी सुटते. ती ज्याची त्याने खिशात घालायची. ही खिशातली चावी मला सगळ्या साखळीतली सगळ्यात मोलाची कडी वाटते. दुर्दैवाने खर्च वाचवताना आधी तीच कापली जाते.

ती नसली तर काय होतं ते पाहा. एकाने दरवाजा उघडून दोन माणसं वर सोडली. अर्ध्या तासाने एक खाली आला, काम झालं म्हणाला, दरवाजा लावला आणि चावी काढून पेटीत ठेवली. दुसरा माणूस पलीकडच्या डब्याच्या टपावर वाकून नट घट्ट करतो आहे. दरवाज्याच्या दृष्टीने सगळं बंद आहे, पेटीच्या दृष्टीने सगळ्या चाव्या परत आल्या आहेत, आयसोलेटर फिरायला मोकळा आहे. कुलूप एकही तुटलेलं नाही, तरी माणूस टपावर आहे. वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात स्वतःची चावी असेल, तर मात्र ती परत येईपर्यंत दरवाजाचं कुलूप फिरत नाही, दरवाजाची चावी सुटत नाही, पेटी पहिली चावी सोडत नाही आणि आयसोलेटरचं हँडल हलत नाही. वरच्या माणसाच्या खिशातला पितळेचा तुकडा थेट आयसोलेटरचं पातं धरून ठेवतो.

आपल्या शेडमध्ये पेटी आहे, दरवाजाला कुलूपं आहेत, पण माणसागणिक चावी नसेल, तर किमान माणसागणिक पॅडलॉक ठेवावा. एका कडीत अनेक पॅडलॉक अडकतील अशी पट्टी बाजारात मिळते, ती पेटीच्या झाकणाला लावावी. वर जाणारा प्रत्येक जण आपलं नाव लिहिलेला पॅडलॉक लावेल आणि खाली आल्यावर स्वतःच काढेल. दुसऱ्याचा पॅडलॉक काढायला कुणालाही परवानगी नसावी, साहेबालाही नाही. अमेरिकेत गाडीखाली किंवा गाडीवर काम चालू असताना लावायच्या निळ्या सिग्नलचा असाच नियम आहे. ज्या तुकडीने तो लावला तिनेच तो काढायचा. शंटरला कितीही घाई असली तरी तो त्याला हात लावू शकत नाही.

आता दिव्यांबद्दल. नव्या डेपोत पिट लाइनच्या दोन्ही टोकांना लाल-हिरवे दिवे असतात. लाल म्हणजे लाइन चालू, हिरवा म्हणजे बंद. हे दिवे उपयोगाचे आहेत, पण दिवा हा पुरावा मानू नये. दिवा सहसा आयसोलेटरच्या दांड्याला जोडलेल्या छोट्या स्विचवर चालतो. दांडा आणि पातं यांच्यामधली एखादी पिन तुटली, दांडा वाकला किंवा जोड घसरला, तर दांडा खाली येतो, दिवा हिरवा होतो आणि पातं वर तसंच राहतं. म्हणून पाहायचं ते पात्याकडे. दिवसा नुसत्या डोळ्यांनी, रात्री टॉर्च मारून. पातं अर्थिंगच्या जबड्यात पूर्ण बसलं आहे का, मध्ये मोकळी जागा दिसते का, हे खाली उभं राहून दिसलं पाहिजे. आयसोलेटर अशा जागी बसवलेला असेल की शेडच्या पत्र्याआड पातं दिसतच नाही, तर ती बांधणीतलीच चूक आहे. तक्रार लेखी द्यावी आणि तोपर्यंत एक माणूस दुसऱ्या बाजूने पाहून खात्री करील अशी व्यवस्था ठेवावी.

एवढं झाल्यावरही डिस्चार्ज रॉड लावायचाच. आयसोलेटरचं अर्थिंग एका टोकाला असतं. शेजारच्या लाइनवर २५ केव्ही चालू असेल तर मधल्या तारेवर नुसत्या शेजारामुळे दाब चढतो, आणि तो माणसाला टपावरून खाली फेकण्याइतका असू शकतो. काम करणारी माणसं दोन अर्थिंगच्या मध्ये असली पाहिजेत. रॉड लावताना आधी क्लॅम्प रुळाला किंवा अर्थिंगच्या पट्टीला घट्ट बसवायचा, तिथला गंज आणि रंग खरवडून. त्यानंतरच हूक तारेला लावायचा. काढताना उलट, आधी हूक, मग क्लॅम्प. हा क्रम उलटा झाला आणि तार चालू असली, तर क्लॅम्प धरणारा हातच अर्थिंग होतो. काही डेपोंत रॉड ठेवायच्या खुंटीलाच कुलूप असतं आणि दोन्ही रॉड परत खुंटीवर आल्याशिवाय चावी सुटत नाही. ही व्यवस्था स्वस्त आहे आणि तिचा फायदा मोठा आहे, कारण रॉड तारेवर विसरून लाइन चार्ज केल्याने शॉर्ट सर्किट होऊन तारा जळण्याची भीती खरी असते.

इथवरचं सगळं तारेबद्दल झालं. गाडीच्या पोटातल्या विजेची साखळी वेगळी असते आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो.

डब्ल्यूएपी-७, डब्ल्यूएजी-९ या थ्री फेज इंजिनांत कंपनीनेच चावीची साखळी दिलेली आहे. आयजी-३८ ही चावी काढली की पेंटोला जाणारी हवा बंद होते. तीच चावी पुढे इंजिनाच्या अर्थिंग स्विचला लावावी लागते. स्विच फिरून छतावरची यंत्रणा अर्थ झाली की पुढची चावी सुटते आणि तिच्यातून मशीन रूममधल्या कपाटांच्या चाव्या मिळतात. व्यवस्था उत्तम आहे. पण ती फक्त इंजिन मेलं आहे एवढंच सांगते. इंजिनाचं छत अर्थ केलं म्हणून वरची तार मेलेली नसते. कपाट उघडून आत काम करायला ही साखळी पुरते, छतावर चढायला पुरत नाही. उलट तार मेली, अर्थ झाली, म्हणून गाडीतली वीजही संपली असंही नाही. कन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये पेंटो उतरल्यावरही वीज साठलेली राहते. या इंजिनांत डीसी लिंकचा दाब २८०० व्होल्ट असतो. कंपनीने सांगितलेला वेळ थांबून, मीटरने मोजून, मगच हात घालायचा. ठरावीक वेळ गेल्याशिवाय चावी न सोडणारी कुलूपं मिळतात. नवी सोय घडवत असाल तर तीच घ्यावीत, घड्याळावर भरवसा ठेवू नये.

म्हणजे साखळ्या दोन, तारेची आणि गाडीची. टपावर चढायच्या दरवाजाला या दोन्हींच्या चाव्या लागल्या पाहिजेत, बँकेचा लॉकर उघडायला ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन चाव्या लागतात तसं. प्रत्यक्षात बऱ्याच शेडमध्ये ओएचईचा विभाग तारेची साखळी सांभाळतो, रोलिंग स्टॉकचा विभाग गाडीची, आणि दोन्ही विभाग आपापल्या जागी बरोबर असतात. माणूस चढतो ती शिडी मात्र दोघांच्या मध्ये पडते. आपल्या शेडमधल्या शिडीपाशी उभं राहून विचारा, या शिडीवर पाऊल ठेवायला कुठल्या कुठल्या चाव्या लागतात? उत्तर एकच चावी असेल, तर ती नेमकी काय सिद्ध करते आणि काय करत नाही, हे लिहून काढा.

गाडीच्या विजेबद्दल आणखी एक धोका आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. शेडमध्ये पंखे, कॉम्प्रेसर, एसी तपासण्यासाठी बाहेरून ४१५ व्होल्टचा पुरवठा जोडतात. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. त्याच्या कमी दाबाच्या बाजूला वीज दिली आणि मधला संपर्क तोडलेला नसेल, तर जास्त दाबाच्या बाजूला हजारो व्होल्ट उभे राहतात, म्हणजे छतावरच. तार मेलेली, आयसोलेटरला कुलूप, चावी खिशात, आणि वीज खालून वर येते. म्हणून बाहेरच्या पुरवठ्याचा प्लगही साखळीत असला पाहिजे. गाडीतला बदल-स्विच 'शेड' या जागी गेल्याशिवाय प्लगच्या खोबणीची चावी मिळू नये आणि टपाचा दरवाजा उघडा असेल तर प्लग चालू होऊ नये. ही सोय नसलेल्या ठिकाणी टपावर माणूस असताना बाहेरचा पुरवठा जोडायचाच नाही, एवढा साधा नियम तरी भिंतीवर लावून पाळावा.

आता गाडीच्या हालचालीकडे येतो. शेडच्या मेलेल्या तारेला बाहेरची चालू तार जोडलेली असते ती सेक्शन इन्सुलेटरमधून. पेंटो वर असलेला रेक या इन्सुलेटरखालून आत येऊ लागला, तर पेंटो क्षणभर दोन्ही तारांना एकत्र टेकतो आणि चालू बाजूची वीज मेलेल्या बाजूला येते. रेक नेमका तिथेच थांबला तर क्षणभरही म्हणायला नको. अर्थिंग नीट केलेलं असेल तर सबस्टेशन ट्रिप होऊन तार जळेल, माणसं बहुधा वाचतील. अर्थिंग कच्चं असेल तर वाचणार नाहीत. म्हणून वीज बंद करण्याच्या साखळीला रुळावरचं कुलूपही जोडावं लागतं. आयसोलेटरची चावी निघाली की शेडकडे जाणारा सांधा दुसऱ्या लाइनला लागून कुलूपबंद व्हावा, किंवा सिग्नल लाल राहावा, किंवा शेडच्या तोंडाशी डिरेलर उभा राहावा. ब्रिटनमधल्या अनेक डेपोंत विजेवर चालणारे डिरेलर शेडच्या दारात असतात. त्या लाइनवर काम करणारा प्रत्येक जण आपल्या इलेक्ट्रॉनिक चावीने नोंद करतो आणि शेवटच्या माणसाची नोंद निघेपर्यंत डिरेलर रुळावरून हटत नाही. पिटमध्ये चाकाखाली वाकलेल्या माणसाचंही यातच रक्षण होतं. नुसत्या लाल झेंडीवर आणि लाकडी ठोकळ्यावर विसंबणाऱ्या शेडनी निदान कुलूप लागणारा हाती डिरेलर तरी बसवावा.

कोलकाता आणि बंगळुरू मेट्रोसारखी थर्ड रेल असेल तर प्रश्न थोडा वेगळा होतो. ७५० व्होल्ट डीसीची पटरी सहसा शेडच्या आत आणतच नाहीत. आत गाडी हलवायला वरून लोंबणारी केबल लावतात. तिथे त्या केबलच्या प्लगला आणि पिटमधल्या दरवाजाला एकत्र बांधायचं. गाडीचे पुढचे कलेक्टर शेडबाहेरच्या चालू पटरीवर आणि मागचा भाग आत, अशी उभी राहिलेली गाडी बाहेरची वीज स्वतःच आत घेऊन येते, हेही ध्यानात ठेवायचं. मुंबई मेट्रोच्या लाइनींवर मात्र लोकलसारखीच २५ केव्हीची वरची तार आहे, तेव्हा वर सांगितलेलं सगळं तिथल्या डेपोलाही लागू पडतं.

क्रेनचा प्रश्न मोठ्या वर्कशॉपमध्ये येतो. ज्या बेमध्ये वरून तार जाते त्याच बेमध्ये क्रेन चालवायची असेल, तर तार अर्थ झाल्याची चावी मिळाल्याशिवाय क्रेनला वीज मिळू नये. परदेशात अशा ठिकाणी ताठ वाहकाची ओएचई बसवतात. ती क्रेनच्या वाटेतून बाजूला सरकवता येते आणि ती पूर्ण बाजूला गेल्यावरच क्रेनचं कुलूप सुटतं.

यापुढचा भाग थोडा कठोर वाटेल, पण तो सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. चावीच्या साखळीची सगळी ताकद एका गोष्टीत असते, प्रत्येक चावी जगात एकच असते. ज्या दिवशी दुसरी घडवली गेली, त्या दिवशी साखळी संपली, मग कुलूपं कितीही महागाची असोत. एका शेडमध्ये मी पेटीच्या मागच्या खिळ्यावर जास्तीची चावी टांगलेली पाहिली आहे, वर सुतळीने बांधलेल्या पुठ्ठ्यावर 'अर्जंट' असं लिहून. तिथले लोक बेफिकीर नव्हते. पेटीतली एक खोबण घासली गेली होती, चावी अडकत होती, दुरुस्तीचा अर्ज फाइलीत पडला होता आणि रात्रीच्या रेकना वेळ नव्हता. हा नेहमीचा मार्ग आहे. इंटरलॉक चुकवण्याची इच्छा माणसांच्या वाईटपणातून येत नाही, ती बहुतेक वेळा नीट न चालणाऱ्या इंटरलॉकमधून येते. इंटरलॉकच्या रचनेसाठीच्या आयएसओ १४११९ या प्रमाणकातही बजावलेलं आहे की कुलूप चुकवण्याचा मोह कशामुळे होईल याचा रचना करतानाच विचार करा आणि ती कारणंच काढून टाका. पेटी शिडीपासून दूर असेल, कुलपात धूळ जाऊन चावी अडकत असेल, दर वेळी दोन जिने चढून साहेबाची सही आणावी लागत असेल, तर जास्तीची चावी आज ना उद्या बनणारच. चावी अडकवून ठेवणारी कुलूपं कशी असावीत यासाठी आयएसओ/टीएस १९८३७ हे वेगळं प्रमाणक २०१८ मध्ये निघालं होतं. खरेदीच्या निविदेत अशा कुलपांसाठी सध्या लागू असलेल्या प्रमाणकाचा उल्लेख करावा. आणि दुरुस्तीच्या कंत्राटात खोबण घासली गेली तर किती तासांत बदलायची, हे लिहून घ्यावं. पुरवठादार किमतीवर बोलायला तयार असतो, या एका अटीवर तो सहसा गप्प राहतो. तिथे रेटून धरावं.

विजेवर चालणारी कुलूपं घेताना दोन प्रश्न न चुकता विचारावेत. पुरवठा गेला तर कुलूप लागलेलं राहतं की उघडतं? बाहेरून आत जाण्याची वाट वीज गेल्यावरही बंदच राहिली पाहिजे. दुसरा प्रश्न, आत अडकलेला माणूस चावीशिवाय बाहेर येऊ शकतो का? आतून ढकलून उघडणारा दांडा प्रत्येक दरवाजाला हवा, आणि तो ढकलला की लाइन चार्ज करण्याची परवानगी आपोआप रद्द झाली पाहिजे. या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर नकोत, पुरवठा बंद करून दाखवायला सांगावं.

आता रोजच्या कामातल्या परतीच्या वाटेबद्दल. लाइन परत चार्ज करण्याआधीचं काम घाईचं असतं, कारण गाडी सुटायची वेळ झालेली असते आणि कंट्रोलचे फोन येत असतात. तेव्हाच पर्यवेक्षकाने स्वतः टपाच्या प्लॅटफॉर्मवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावं. माणसं मोजावीत, हत्यारं मोजावीत, रॉड उतरल्याचं पाहावं. मग चाव्या परत घ्याव्यात. लाइन चार्ज करण्याआधी भोंगा वाजवून थोडं थांबावं, ही वेळ आधीच ठरवून भिंतीवर लिहिलेली असावी, म्हणजे ती त्या क्षणी कमी करायचा मोह होत नाही. पाळी बदलताना काम अर्धवट असेल तर चावी पेटीत ठेवून, टेबलाच्या खणात टाकून किंवा निरोप ठेवून जायचं नाही. जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हातात द्यायची, दोघांनी रजिस्टरवर सही करायची, आणि येणाऱ्याने वर जाऊन काय उघडं आहे ते स्वतः पाहायचं. ठेक्यावरच्या माणसांसाठी एक वेगळी काळजी घ्यावी लागते. एसीचे युनिट धुणारी किंवा टप रंगवणारी माणसं रोज बदलतात, त्यांना मराठी-हिंदी वाचता येते की नाही ते माहीत नसतं. त्यांना पहिल्याच दिवशी पेटीपाशी नेऊन चावी त्यांच्या हातात देऊन दाखवावी आणि सांगावं की ही तुझ्या खिशात असेपर्यंतच तू वर जायचंस.

महिन्यातून एकदा सगळ्या साखळीची उलट परीक्षा घ्यावी. नेहमीच्या तपासणीत आपण बरोबर क्रम करून सगळं चालतंय का ते पाहतो. उलट परीक्षेत चुकीचा क्रम करून सगळं अडतंय का ते पाहायचं. लाइन बंद आणि अर्थ करून, अधिकारी माणसाच्या देखरेखीखाली, प्रत्येक कुलपावर हे करावं. आयसोलेटरचं हँडल अर्ध्यावर ठेवून चावी ओढून पाहा, निघता कामा नये. पेटीत एक चावी कमी ठेवून पहिली चावी फिरवून पाहा. दरवाजा अर्धवट लावून चावी काढून पाहा. दुसऱ्या लाइनची चावी या लाइनच्या कुलपात घालून पाहा, कारण जुन्या शेडमध्ये दोन कुलपांचे दात सारखे निघणं अशक्य नाही. पिट लाइनच्या दिव्याच्या स्विचची केबल सोडवून पाहा, दिवा हिरवा राहतो का? राहत असेल तर तो दिवा चुकीच्या बाजूला बिघडतो आणि तो बदलेपर्यंत झाकून ठेवावा. जे जे अडलं नाही ते त्याच दिवशी लेखी नोंदवून ती लाइन टपाच्या कामासाठी बंद करावी.

आणि चावी हरवली तर? हा प्रसंग येतोच, बहुधा रात्री, आणि बहुधा ती खिशातली छोटी चावी असते. अशा वेळी कुणीतरी जास्तीची चावी आणायला धावतं. त्याला थांबवावं. आधी त्या चावीचा धनी समोर उभा आहे का ते पाहावं. तो शेडमध्ये कुठेही सापडत नसेल, तर तो टपावर आहे असंच धरून चालावं. सगळं टप, प्लॅटफॉर्म आणि पिट पायाखालून घालावं, सगळ्या पाळीची हजेरी घ्यावी. जास्तीची चावी असलीच तर ती सीलबंद पाकिटात शेडच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे असावी, आणि ती वापरायची तर त्यानेच येऊन, वर सांगितलेली पाहणी स्वतः करून, लेखी नोंद करून वापरावी. त्यानंतर ते कुलूप तसंच ठेवायचं नाही. त्याचा आतला भाग नव्या चावीसकट बदलायचा आणि बदलून होईपर्यंत त्या शिडीवर कुणाला सोडायचं नाही. हरवलेली चावी आठवड्याने कुणाच्या जुन्या डांगरीत सापडली, तर ती परत खुंटीवर न लावता रजिस्टरमध्ये नोंद करून कापून टाकावी.